दौलताबाद घाटासाठी ब्रेक: रिम ब्रेकच्या रोड बाईकवरील कामाची नोंद

उन्हाळा: मूळ स्थिती आणि मोजणी

सायकल साधी आहे. ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानोचे आठ स्पीडचे क्लॅरिस लिव्हर, ७०० × २५ टायर आणि सायकलबरोबर बसवून आलेले बिननावाचे ड्युअल पिव्होट कॅलिपर, म्हणजे दोन खिळींवर फिरून रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेकचे चिमटे. फ्रेमला आणि फोर्कला डिस्कसाठी माउंट नाहीत, त्यामुळे डिस्क ब्रेक हवे असतील तर दुसरी सायकलच घ्यावी लागेल. ती घेण्याचा विचार सध्या नाही आणि आहे त्या रिम ब्रेकमधून अजून बरेच काही काढता येईल अशी माझी खात्री होती, म्हणून हे काम हाती घेतले.

छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, कागजीपुरा, खुलताबाद आणि तेथून वेरूळ किंवा म्हैसमाळ हा आमच्याकडील बहुतेक सायकलस्वारांचा ठरलेला रस्ता आहे. परतीच्या उतारावर वेग आपोआप चाळीसच्या वर जातो, आणि खाली किल्ल्याजवळ जुन्या तटबंदीतून रस्ता जातो तेथे तो इतका अरुंद होतो की समोरून पर्यटकांची बस आली तर थांबण्यावाचून मार्ग नसतो. त्या ठिकाणी हूडवरून (लिव्हरच्या वरच्या रबरी पकडीवरून) दोन्ही लिव्हर पूर्ण दाबूनही सायकल रेंगाळत थांबत असे, मनगट दुखत असे आणि लिव्हर जवळजवळ हँडलबारला टेकत असे.

‘ब्रेक बरा वाटतो’ या शेऱ्याला काही अर्थ नसतो, कारण नवीन सुटा भाग बसवला की तो दोन दिवस बराच वाटतो. म्हणून शहराबाहेरच्या एका सपाट, सकाळी रिकाम्या असणाऱ्या रस्त्यावर चुन्याची रेघ मारली आणि मीटरवर ताशी ३० किमी दिसत असताना रेघेवर ब्रेक लावून थांबण्याचे अंतर टेपने मोजले. सुरुवातीला हे अंतर ११ ते १२ मीटर भरत होते.

याची तुलना कशाशी करायची, याचे उत्तर थोड्या गणिताने मिळते. सायकल आणि स्वार यांचा एकत्रित गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण १.१ मीटर उंच आणि पुढचे चाक जमिनीला टेकते त्या बिंदूच्या ०.५५ ते ०.६ मीटर मागे असतो. या दोन मापांचे गुणोत्तर काढले की मागचे चाक उचलले जाण्याआधी मिळू शकणारी वेगाची कमाल घट (मंदन) कळते, आणि ती गुरुत्व त्वरणाच्या निम्म्याहून किंचित जास्त येते. तेवढ्या घटीने ताशी ३० किमीवरून थांबायला सुमारे ७ मीटर लागतात आणि ताशी ४० किमीवरून सुमारे साडेबारा. केवळ मागचा ब्रेक लावला तर मागच्या चाकावरचा भार पुढे सरकून ते चाक लवकर घसरू लागते, त्यामुळे अंतर जवळजवळ दुप्पट होते. मागचा ब्रेक ‘सुरक्षित’ मानून पुढच्या लिव्हरला हात न लावण्याची सवय आपल्याकडे सर्रास दिसते. घाटात उतरणाऱ्याने ती आधी सोडावी असे माझे स्पष्ट मत आहे. तर माझे उद्दिष्ट ७ मीटर होते, आणि माझ्या व त्या आकड्याच्या मधले चार-पाच मीटर नेमके कोठे सांडतात ते शोधायचे होते.

मृगाच्या आधी: केबल आणि आऊटर (केबलवरची नळी)

मनातून मी नव्या कॅलिपरच्या बाजूने होतो. सायकल घेऊन ज्या जुन्या कारागिराकडे जातो, त्यांनी लिव्हर दोनदा दाबून पाहिला आणि म्हणाले, “सर, कॅलिपर पळून जात नाही. आधी हे आऊटर काढून बघू.” मी म्हटले, “उस्ताद, तुम्ही म्हणाल तसं.”

त्यांनी दाखवलेली तपासणी कोणालाही घरी करता येईल. लिव्हर हळू दाबत जावे आणि ब्रेक शू रिमला टेकल्यावरही लिव्हर किती पुढे जातो ते पाहावे. टेकल्यानंतरची ही सगळी हालचाल वाया जाणारी असते: काही आऊटर दबण्यात आणि वळणावर सरळ होऊ पाहण्यात जाते, काही कॅलिपरचे हात वाकण्यात आणि काही रबर चेपण्यात. दुसऱ्या हाताचे बोट आऊटरच्या वळणावर ठेवले की ते किती सरकते हे लगेच कळते. नंतर कॅलिपरवरचा केबलचा बोल्ट सैल करून इनर (आऊटरच्या आतली तार) मोकळी ओढून पाहावी. ती कुठे खरखरली किंवा अडकली तर तेवढा हाताचा जोर घर्षणात जातो आहे, असे समजावे. माझ्या मागच्या ब्रेकची इनर अडकतच होती.

बार टेप उलगडल्यावर कारण दिसले. आऊटर बोथट पकडीने कापलेले होते, त्यामुळे आतल्या पोलादी वेटोळ्याचे टोक आत वळून इनरला घासत होते आणि टोकाची टोपी तिरकी बसली होती. ब्रेकच्या आऊटरमध्ये सपाट पोलादी पट्टीचे घट्ट वेटोळे असते; ते जोर सहन करते, पण प्रत्येक कापलेले टोक सपाट नसेल तर दाबल्यावर तेथेच चेपते. म्हणून धारदार केबल कटरने कापून टोक कानशीने सपाट करणे आणि आतली प्लास्टिकची नळी टोच्याने पुन्हा गोल करणे या दोन कामांना कंटाळू नये. एकंदर कामात सर्वांत कमी खर्चाचे आणि सर्वांत जास्त फळ देणारे काम हेच ठरले.

दोन गोष्टी येथे आवर्जून सांगतो. गिअरचे आऊटर ४ मिमीचे असते आणि त्यातील तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात. शिफ्टिंगसाठी ती रचना उत्तम आहे, पण ब्रेकच्या जोराने ते फाटू शकते. ब्रेकसाठी ५ मिमीचे ब्रेक आऊटरच घ्यावे. तसेच रोड लिव्हरच्या इनरचे डोके लहान, पेरूसारख्या आकाराचे असते, तर सरळ हँडलच्या सायकलींच्या इनरचे डोके आडव्या नळकांड्यासारखे. लहान गावात दुसऱ्या प्रकारचीच इनर सहज मिळते, आणि तिचे डोके घासून लिव्हरमध्ये बसवण्याचा सल्लाही मिळतो. तो मुळीच मानू नये. डोके निसटले तर ऐन उतारावर ब्रेक जातो. पुण्या-मुंबईहून किंवा ऑनलाइन मागवून एक जोडी घरी ठेवलेली बरी.

आऊटरची लांबी ठरवताना हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले. ओढ बसता कामा नये, आणि पुढे हवेत मोठी कमानही दिसता कामा नये. नव्या १.६ मिमीच्या स्टेनलेस इनर ओढून ठेवून पुन्हा एकदा आवळल्या. एवढ्यानेच लिव्हर हँडलपासून दोन बोटे अलीकडे घट्ट होऊ लागला आणि मोजलेले अंतर १० मीटरच्या आसपास आले.

पहिला पाऊस: शू आणि रिम

मूळचे शू एकाच साच्यातून काढलेले, कडक रबराचे होते. नख रुतत नव्हते आणि पृष्ठभागाला काचेसारखी चकाकी आली होती. त्यांच्या जागी धातूच्या होल्डरमध्ये रबर सरकवण्याचे कार्ट्रिज शू घेतले. होल्डर कडक असल्याने शू वाकत नाही, आणि पुढे फक्त रबर बदलता येते. रबर म्हणून कूल-स्टॉपचे सॅमन रंगाचे निवडले. त्यात आयर्न ऑक्साइड असते. ओल्या रिमवर ते चांगले चालते आणि रिम कमी खाते. शिमानोचे आर५५सी४ किंवा स्विसस्टॉपचे रबरही अनुभवी लोक वापरतात. कोरड्या उन्हाळ्यात यांच्यात फार फरक पडत असेल असे मला वाटत नाही. आमच्याकडे निवड पावसाळ्यासाठी करायची असते.

रबराइतकेच रिमकडे लक्ष द्यावे लागले. मराठवाड्याचा रस्ता म्हणजे काळ्या खडकाची भुकटी, खडी वाहणाऱ्या डंपरमागे उडणारी कच आणि पाऊस पडला की शेतातून रस्त्यावर येणारी काळी माती. ही कच रबरात रुतते, रिमचे ॲल्युमिनियम खरवडते आणि ते चकाकणारे कण पुन्हा रबरातच बसतात. जुने शू उलटे करून पाहिले तेव्हा असे कण भरपूर दिसले. आता पावसात फिरून आलो की सुईने ते काढतो आणि रबरावर पॉलिश पेपर हलकेच फिरवतो. रिम आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसतो. चेन धुण्याचे रॉकेल किंवा डिझेल रिमला लागू देत नाही, कारण त्याचा तेलकट थर सहजी जात नाही. चाकाची आउटही याच वेळी काढून घेतली. रिम डावी-उजवीकडे हलत असेल तर शू दूर ठेवावे लागतात आणि लिव्हरची चाल त्यात संपते.

शू बसवताना त्याची वरची कड टायरला आणि खालची कड रिमच्या बाहेर जाणार नाही हे पाहिले. मागच्या टोकाखाली जाड कागदाची घडी ठेवून पुढचे टोक अर्धा ते एक मिलिमीटर आधी टेकेल असे आवळले, त्यामुळे किंचाळणारा आवाज थांबला. बोल्ट शिमानोने सांगितलेल्या मापाने आवळले: शूचा ५ ते ७ न्यूटन-मीटर, केबलचा ६ ते ८ आणि कॅलिपरचा ८ ते १०. अंतर आता ९ मीटरच्या खाली होते.

कॅलिपर

याबद्दल थोडक्यात लिहितो, कारण लाभही थोडाच झाला. माझ्या फ्रेमवर कॅलिपरच्या बोल्टपासून रिमच्या मध्यापर्यंतचे अंतर (रीच) ५२ मिमी आहे, म्हणजे ३९–४९ मिमी रीचचे नामांकित, हलके कॅलिपर बसत नाहीत आणि ४७–५७ मिमीचेच घ्यावे लागतात. हात जितका लांब, तितका तो वाकतो आणि तितका यांत्रिक लाभ घटतो, हे त्यात गृहीत धरावे लागते. दुसरे, लिव्हर किती केबल ओढतो हे सर्व पिढ्यांत सारखे नाही. ड्युरा-एस ७९०० या आपल्या रेसिंग संचापासून शिमानोने ही ओढ वाढवली. नवा लिव्हर आणि जुना कॅलिपर एकत्र केले तर ब्रेक दुबळा लागतो, आणि उलट जोडी केली तर तो गरजेपेक्षा तीव्र होतो. ओढ जुळते याची खात्री करून मध्यम रीचचे नवे ड्युअल पिव्होट कॅलिपर लावले. अंतर जेमतेम अर्धा मीटर कमी झाले. खर्च मात्र आधीच्या सर्व कामांच्या बेरजेपेक्षा अधिक झाला. नियंत्रण अधिक नेमके वाटते हे मान्य करतो, पण केबल आणि शू आधी केले नसते तर या कॅलिपरने काही साधले नसते.

श्रावण: घाटात

श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनासाठी शुक्रवारी रात्रीपासून लोक पायी निघतात आणि खुलताबादचा रस्ता माणसांनी भरून जातो. त्या दिवशी तेथे वेगाने उतरू नयेच, पण पहाटे उशिरा परतणाऱ्यांमधून वाट काढताना ब्रेकची खरी कसोटी लागली. ओल्या रिमवर पहिल्या एक-दोन फेऱ्या पाणी पुसण्यात जातात. चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच दोन ते चार मीटर संपले. म्हणून वळणाच्या बरेच आधी शू रिमला नुसते टेकवून रिम पुसून घेतो. नवे रबर हे काम जुन्यापेक्षा स्पष्टपणे लवकर करते.

लांब उतारावर लिव्हर सतत धरून ठेवणेही सोडले. सायकलसह ८५ किलोचा स्वार ७ टक्के उतारावर ताशी ३६ किमीने उतरत असेल, तर गुरुत्वाकर्षण त्याला सुमारे ५८० वॅट देत असते, आणि हवा व टायर त्यातले जे खात नाहीत ते रिममध्ये उष्णता होऊन जाते. म्हैसमाळहून उतरताना वळणाआधी जोरात दाबून नंतर पूर्ण सोडतो, म्हणजे मधल्या वेळात वाऱ्याने रिम निवते. हात ड्रॉपवर (हँडलच्या खालच्या वळणावर) असले की लिव्हरचे टोक पकडता येते आणि तोच जोर अधिक लागू पडतो. कोरड्या रस्त्यावर ड्रॉपवरून आता ८ ते साडेआठ मीटर अंतर येते, हूडवरून थोडे जास्त.

बाकी कामे

मागच्या ब्रेकला न दबणारे, म्हणजे कम्प्रेशनलेस आऊटर लावून पाहायचे आहे, कारण सर्वांत लांब आऊटर तेथेच आहे. २८ मिमीचे टायर कॅलिपरखाली बसतात का हेही मोजायचे आहे; पकड वाढली तर ओल्या रस्त्यावर उपयोग होईल. ऊसतोडणी सुरू झाली की गंगापूर आणि पैठणच्या बाजूला रस्त्यावर पाचट सांडलेले असते आणि ट्रॅक्टरच्या जोड ट्रॉल्या अचानक वळतात, त्यामुळे ही दोन्ही कामे त्याआधी उरकायची आहेत. रिमवरची झीज दाखवणारी खूण अजून दिसते आहे. दिवाळीनंतर ती पुन्हा पाहून पुढची नोंद लिहीन.