सरसाने जोडलेलं कपाट

रविवार, रात्री

कपाट घरात आलं. सागवानी, चार खणांचं, कमरेच्या जरा वर येईल एवढं. घ्यायच्या आधी बघायला गेले तेव्हा पहिल्यांदा सगळ्यात वरचा खण पूर्ण बाहेर ओढला आणि उलटा करून पाहिला. जुनं लाकडी सामान समोरून बघून काही कळत नाही. समोरची बाजू पॉलिश मारून कुणीही चकचकीत करून देतं. खरं काय ते मागून आणि खालून कळतं.

खणाच्या कोपऱ्यात बाजूच्या फळीचे पसरट दात दर्शनी फळीच्या खाचांमध्ये बसवलेले होते. एक दात रुंद, शेजारचा थोडा अरुंद, आणि कापण्याआधी सुताराने मारलेली आखणीची बारीक रेघ अजून जागेवर. यंत्राने पाडलेले दात हुबेहूब एकसारखे असतात, हे हाताचं काम होतं. कोपऱ्यांत एकही खिळा नाही. तळाची फळी तर कशालाच चिकटवलेली नव्हती, खोबणीत नुसती सरकवलेली होती. हे बघून मला फार बरं वाटलं. लाकूड दमट हवेत रुंदीला फुगतं, कोरड्या हवेत आक्रसतं. लांबीत मात्र जवळजवळ फरक पडत नाही. फळी चारी बाजूंनी आवळून बसवली तर आज ना उद्या तडकणारच. ज्याने हे कपाट केलं त्याने तिला हलायला जागा ठेवली, म्हणून इतक्या वर्षांनंतरही तिला एक चीर नाही.

मग वरची फळी. वरच्या पृष्ठभागावरच्या रेषा कडेवर वळून पुढे जातात का ते बोट फिरवून बघितलं. जात होत्या. म्हणजे अख्खं लाकूड, वर चिकटवलेला पातळ पापुद्रा नाही. बारीक भोकं आणि त्यांच्याखाली ताजा, पिठासारखा भुसा कुठे दिसतो का तेही पाहिलं. जुनी, कोरडी भोकं असती तरी मी घाबरले नसते. ताजा भुसा म्हणजे आत किडा अजून खातोय, मग मात्र वस्तू कितीही देखणी असो, हात जोडून परत फिरायचं.

एक मागचा पाय डुगडुगतोय. त्यासाठी सुतारकाकांना बोलावलंय.

बुधवार

काका आले, पाय हलवून पाहिला आणि म्हणाले, "सरस आहे ताई, सुटेल." गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्यावर गुंडाळून ठेवलं, मधूनमधून बदलत राहिले. थोड्या वेळाने पाय अलगद हातात आला. आतून तपकिरी, चिकट सरस पुसून काढला, नवा लावला, दोरीने आवळून ठेवला. लाकडाचा एक कपचाही उडाला नाही.

सरस जनावरांच्या कातड्याचा आणि हाडांचा. उष्णता आणि ओल मिळाली की मऊ पडतो, वाळला की पुन्हा धरतो. म्हणजे हे कपाट जोडतानाच पुढे कधीतरी उघडता येईल असं जोडलं गेलं होतं. जुन्या सामानाबद्दल मला जे वाटतं ते सगळं यात आलं. ते टिकतं याचं निम्मं श्रेय लाकडाच्या मजबुतीला, उरलेलं त्याला खोलता येतं, दुरुस्त करता येतं, याला. पार्टिकल बोर्डच्या कपाटात बिजागरीचा स्क्रू एकदा उपसून आला की त्या भोकात तो पुन्हा नीट धरत नाही. पाणी लागलं की कड फुगते ती फुगतेच. भुसा आणि राळ दाबून केलेल्या त्या फळीला रंधा मारता येत नाही, सांधा नव्याने पाडता येत नाही. बहुतेक वेळा त्या राळेत फॉर्मल्डिहाइड असतं आणि नव्या कपाटातून ते हळूहळू हवेत सुटत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या गटात टाकलं आहे.

हे असं सामान शेवटी जातं कुठे? अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे आकडे आहेत. तिथे १९६० साली घरगुती फर्निचरचा कचरा २२ लाख टन होता, २०१८ मध्ये तो १ कोटी २१ लाख टन झाला आणि त्यातला सुमारे ८० टक्के जमिनीत पुरला गेला. मला याचा मनापासून राग येतो. सुक्या लाकडाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग कार्बन असतो. जोवर लाकूड जळत नाही, कुजत नाही, तोवर तो तिथेच राहतो. माझ्या कपाटाच्या झाडाने हवेतून घेतलेला कार्बन आज माझ्या चादरींच्या खाली आहे.

पण जुनं मिळतंय म्हणून दिसेल ते उचलून आणलं तर त्याला काही अर्थ नाही. जी वस्तू नवी घ्यावीच लागली असती तिच्याऐवजी जुनी घेतली, तरच काही वाचलं. गाद्या आणि गादी ठोकलेले सोफे मी घेत नाही. ढेकूण रक्ताशिवायही कित्येक महिने जगतात आणि शिवणीत लपलेले दिसत नाहीत. सोफ्याचा सांगाडा उत्तम असेल तर कापड, काथ्या, स्पंज सगळं उतरवूनच तो घरात येईल. जुन्या तैलरंगाचं सामान असेल तर घरात कोरडा पॉलिशपेपर अजिबात मारायचा नाही. रंगात शिसं असू शकतं आणि ती धूळ लहान मुलांच्या मेंदूला फार घातक.

शनिवार

कपाटाच्या माथ्यावर पांढरट गोल डाग होता, कुणीतरी ओला पेला ठेवल्याचा. आतल्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटचा बोळा टेकवला, तर पॉलिश लगेच चिकट झालं. म्हणजे लाखेचं. मग जवळजवळ कोरडाच बोळा डागावरून हलक्या हाताने, न थांबवता फिरवत राहिले. आत अडकलेली ओल निघून गेली आणि खालचा मधाळ रंग वर आला. दुसऱ्या खणातला शाईचा डाग मात्र राहू देणार आहे.

बाहेरच्या खोलीत कपाट मोकळ्या, पांढऱ्या भिंतीला लावलं. शेजारी काही नाही, वर एक दिवा. खोली एकदम भारदस्त दिसायला लागली. सगळा संच एकाच दुकानातून एकाच रंगात आणला की खोली विक्रीला मांडल्यासारखी वाटते. लाकडांचे रंग जुळवायच्या फंदात मी पडत नाही, उंची आणि रेषा जुळल्या की पुरतं. बैठ्या पलंगाजवळ बैठं टेबल, बारीक पायांच्या खुर्चीजवळ बारीक पायांचा स्टँड.

आता जेवणाच्या टेबलाला खुर्च्या हव्यात. मनात वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाच्या खुर्च्या आहेत, मायकेल थोनेट या फर्निचर बनवणाऱ्याने १८५९ मध्ये काढलेल्या १४ नंबरच्या घाटाच्या. लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुट्या केल्या तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ मावायच्या. त्या धर्तीच्या खुर्च्या जुन्या सामानात अजून सापडतात. वेताची बैठक झोळली असेल तरी मी नाही म्हणणार नाही. वेत फाटलेला नसेल तर खालून गरम पाण्याने भिजवायचा, वाळताना तो आपोआप ताणला जातो. टेबल ७५ सेंटिमीटर उंच आहे, त्यामुळे बैठक ४५ च्या आसपास हवी. चारही एकसारख्या मिळाल्या नाहीत तरी चालेल, उंची तेवढी एक हवी. मोजपट्टी पिशवीत टाकून ठेवली आहे.