गोफणीचा गुंडा गिळणारा पडदा

गोव्यातल्या डिचोली तालुक्यातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर गोफणीचा सराव सुरू होऊन दहा मिनिटंही झाली नव्हती. 12 मिलिमीटर प्लायवूडच्या फळीवर आपटलेला दगड उलटला आणि 15 मीटरवरच्या रेषेपाशी, मुलांपासून चार हातांवर येऊन पडला. मी सराव तिथेच थांबवला.

गोफण शिकवायला वायंगणाच्या, म्हणजे रब्बीच्या, भाताची राखण करणारे एक शेतकरी काका आले होते. त्यांनी फळीवर बोटांची पेरं वाजवून पाहिली. "मास्तर, ही हलत नाही, म्हणून गुंडा परत धाडते. गोणपाट टांगा."

दुपारभरात आम्ही तेच केलं. 3 मीटर लांबीच्या 1 इंची पीव्हीसी पाइप तीन घेतल्या. दोन खांब 1.8 मीटरचे, वरचा आडवा 1.5 मीटरचा आणि पायांसाठी 60 सेंटिमीटरचे चार तुकडे. खांब आणि आडवा मधोमध कापून तीन कपलरने जोडले, म्हणजे सुटं केल्यावर सर्वांत लांब तुकडा 90 सेंटिमीटरचाच राहतो. वर दोन एल्बो (काटकोनी जोड), खाली दोन टी (तीन तोंडांचे जोड). प्रत्येक टीमधून एक पाय पुढे, एक मागे. पाइप चिकटवायचं सोल्युशन मुळीच लावलं नाही, नाहीतर ते पुन्हा सुटलं नसतं. प्रत्येक पायावर वाळूची पिशवी ठेवली. पिशव्या रिकाम्या न्यायच्या आणि जागेवर भरायच्या, उगाच ओझं कशाला वाहायचं?

पुढे दुहेरी गोणपाट, मागे ताडपत्री, दोन्ही आडव्या पाइपला बांधलेली. इथे आमची चूक झाली. पडदा ताठ दिसावा म्हणून खालची टोकंही खांबांना आवळली, आणि दगडाऐवजी फेकलेला पहिलाच टेनिस बॉल पाच मीटर मागे उसळला. ताणलेलं कापड फळीसारखंच वागतं. खालची बांधणी सोडली तेव्हा पडदा आत झुलला, बॉलचा जोर त्या झुलण्यात जिरला आणि बॉल पायथ्याशी टपकला. पण मग वाऱ्याने पडदा वर उडायला लागला. त्यावर काकांनी तोड काढली. गोणपाटाची खालची कड दुमडून तिच्यात जाड सुंभ घातला आणि सुतळीने शिवून टाकला. आता पडद्याला वजन आलं, तरी तो सैलच राहिला.

नेमासाठी गोणपाटावर मधोमध आखलेल्या 50 सेंटिमीटरच्या वर्तुळामागे, गोणपाट आणि ताडपत्रीच्या मध्ये, जुनी स्टीलची ताटली एकाच दोरीवर टांगली. वळवलेल्या काठाचीच ताटली हवी. पत्र्याची धारदार कड कापड फाडते. नेम लागला की गोणपाटाच्या धप्प आवाजाबरोबर ती खणखणते, लांबूनही कळतं. बॉल खडूच्या भुकटीत घोळवला तर तपकिरी गोणपाटावर पांढरा ठसा उमटतो. चुना वापरू नका, डोळ्यांत गेला तर भाजतो. ठसे पाहून चूक सांगता येते: डोक्यावरून टाकताना गोफणीची दोरी हातून लवकर सुटली तर ठसा वर, उशिरा सुटली तर खाली.

खांबावर नेम बसला तर पाइप तडकते, म्हणून दोन्ही खांबांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. चुकलेल्या नेमाचा विचार तर आधी हवा. पडद्यामागे मातीचा बांध असू द्या. चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) कुंपणासमोर हे कधीही लावू नका, चिरा फळीपेक्षा वाईट उसळवतो. नवशिक्याच्या हातून गोफण मागेही सुटते, म्हणून फेकणाऱ्याच्या चारही बाजू मोकळ्या लागतात आणि बाकीची मुलं खूप मागे, आडोशाला. शाळेत आम्ही दगड बंदच केला. टेनिस बॉल 58 ग्रॅमच्या आसपास असतो, शिकायला तेवढं वजन पुरतं.

संध्याकाळी सगळं पाच मिनिटांत सुटून स्कूटरला बांधलं गेलं. गोणपाट मात्र घरी नेऊन आधी उन्हात टाकावं लागतं. आपल्याकडच्या दमट हवेत ओलं गुंडाळून ठेवलं तर त्याला बुरशी येते, आणि बुरशी आलेलं गोणपाट पहिल्याच फटक्याला फाटतं.