रोटा दाखवा, मग व्हिसाचं बोलू

भारतातून केअर वर्कर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करणारा कामगार, म्हणून ब्रिटनला येणं २२ जुलै २०२५ पासून बंद आहे. सीनियर केअर वर्कर म्हणूनही. जे आधीपासून इथे आहेत त्यांना इथल्या इथे नोकरी बदलायची मुभा जुलै २०२८ पर्यंत आहे, पण लातूरहून किंवा साताऱ्याहून नवा अर्ज करून यायची सोय उरलेली नाही. तरी गावाकडच्या ग्रुपवर पोस्टर फिरतंच आहे: ‘यूके केअर व्हिसा, शंभर टक्के स्पॉन्सरशिप, इंग्लिश टेस्ट नको, नवरा-बायको दोघांना.’ जोडीदाराला आणि मुलांना सोबत आणायची सवलत केअर वर्करला ११ मार्च २०२४ पासूनच नाही. आणि स्किल्ड वर्कर व्हिसाची (केअरचा व्हिसा त्यातलाच) इंग्रजीची अट जानेवारी २०२६ पासून उलट वाढली, बी-वन पातळीची त्याच्या वरची बी-टू झाली. म्हणजे पोस्टरवर खरा असलाच तर तो फोन नंबर.

मी लेस्टरजवळच्या एका केअर होममध्ये डेप्युटी मॅनेजर आहे. दिवसाचा निम्मा वेळ रोटा, म्हणजे शिफ्टचं वेळापत्रक, लावण्यात जातो: कोण सकाळच्या शिफ्टला, कोण लाँग डे, कोण नाइट, आणि कोणाला नेमका आजच ताप आलाय. बायको एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, नर्स. मी तिच्या मागोमाग डिपेंडंट म्हणून आलो, त्यामुळे स्वतःसाठी स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नाव पुढे करणारा परवानाधारक मालक, शोधायची पाळी माझ्यावर आली नाही. पण ज्यांचे स्पॉन्सर बुडाले त्यांच्या मुलाखती मी घेतो. एप्रिल २०२५ पासून इंग्लंडमध्ये तसा नियमच आहे. केअर कंपनीला नवा माणूस स्पॉन्सर करायचा असेल तर आधीचा स्पॉन्सर गेल्यामुळे इथे अडकलेल्या कामगारांमधून शोधून बघावं लागतं.

त्यातलीच एक विदर्भातली मुलगी. २०२३ मध्ये आलेली, बोलायला चुणचुणीत, फाइल अगदी व्यवस्थित लावलेली. तिच्या सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिपच्या, म्हणजे व्हिसासाठी मालक देतो त्या कागदाच्या, प्रतीवर लिहिलेलं होतं: आठवड्याला साडेसदतीस तास, वर्षाला २०,९६० पौंड. त्या वेळी चालणारा तो कमीत कमी पगार, अगदी पौंडाला पौंड. त्याखाली पगाराच्या स्लिपा. एका महिन्यात ३१ तास. आठवड्यात नव्हे, महिन्यात. पुढच्या महिन्याची स्लिपच नाही. काम डोमिसिलरीचं, म्हणजे म्हाताऱ्या माणसांच्या घरोघरी जायचं, एका घरी अर्धा तास, दुसऱ्या घरी पाऊण तास. त्याला गाडी लागते. तिला गाडी चालवता येत नव्हती आणि नागपुरात बसलेल्या एजंटाने ते विचारलंही नव्हतं. चौदा लाख मोजून घेताना मात्र त्याने बरंच काही विचारलं होतं, वडिलांची शेती किती आहे हेसुद्धा.

आता गंमत बघा. तिचं सर्टिफिकेट खरं होतं. कंपनी खरी होती. ब्रिटिश सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरांच्या यादीत कंपनीचं नाव होतं. व्हिसा होम ऑफिसनेच, म्हणजे इथल्या गृहखात्यानेच, दिलेला. खोटं होतं ते फक्त काम.

परदेशी नोकरीतली फसवणूक म्हटलं की आपल्याला बनावट लेटरहेड, बनावट शिक्के आठवतात. तीही होते, पण थोडी चौकशी केली की ती पकडता येते. इथे जे झालं ते अस्सल कागदांवर झालं. केअर वर्करचं काम फेब्रुवारी २०२२ मध्ये हेल्थ अँड केअर व्हिसात आलं, कंपन्यांना स्पॉन्सर करायची लायसन्सं घाईघाईने वाटली गेली, आणि काही मालकांच्या लक्षात आलं की म्हाताऱ्यांची सेवा करण्यापेक्षा सर्टिफिकेट विकण्यात कमाई जास्त आहे. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात केअर क्षेत्रातली ४७० हून जास्त लायसन्सं रद्द झाली आणि त्या कंपन्यांशी जोडलेले कामगार ३९,००० च्या वर होते, हा आकडा इथल्या सरकारनेच दिलेला आहे.

म्हणून कोणी मला विचारलं, ‘दादा, कंपनी लिस्टमध्ये आहे, मग जेन्युइन ना?’ तर मी म्हणतो, लिस्ट ही पहिली पायरी झाली. ती यादी गव्ह डॉट यूकेवर फुकट मिळते. मोठी एक्सेल फाइल आहे. कंपनीचं नाव, गाव, रेटिंग आणि कोणत्या व्हिसासाठी परवाना आहे एवढंच त्यात असतं. नाव तंतोतंत जुळलं पाहिजे. ‘केअर लिमिटेड’ आणि ‘केअर सर्व्हिसेस लिमिटेड’ या दोन वेगळ्या कंपन्या असू शकतात. यादीत नावच नसेल तर विषय तिथेच संपला. असेल तर पुढे कंपनीज हाउसच्या, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीच्या, साइटवर जा. कंपनी कधी स्थापन झाली, संचालक कोण, हिशोब वेळेवर भरलेत का, सगळं उघड असतं आणि एक पैसाही लागत नाही. दीड वर्षापूर्वी निघालेली, बँकेत चार हजार पौंड असलेली कंपनी तीस माणसं परदेशातून आणतेय, हे गणित आपल्या दहावीच्या पोरालाही सुटेल. आरोग्य किंवा केअरचं काम इंग्लंडमध्ये असेल तर केअर क्वालिटी कमिशन या तपासणी करणाऱ्या सरकारी संस्थेची साइट बघा. तिथे प्रत्येक नोंदलेल्या केअर होमचं पान असतं. पलंग किती, शेवटची तपासणी कधी झाली, तपासणी करणाऱ्यांनी काय शेरा मारला, मॅनेजर कोण. त्या पानावरचा नंबर फिरवा, एजंटाने दिलेला नको. मॅनेजरला विचारा की तुमच्याकडे अशी अशी जागा आहे का.

आणि रोटाचं विचारा. माझा सगळा भर यावर आहे. मला कोणत्या पत्त्यावर काम करायचंय? शिफ्ट किती तासांची? आठवड्याला किती तास लेखी मिळणार? गाडी लागेल का? रात्रीच्या शिफ्टला माझ्याबरोबर किती जण असतील? मला कोणी शिकवणार? ज्याच्याकडे खरंच काम आहे त्याला हे प्रश्न आवडतात. आमच्याकडे मुलाखतीत कुणी एवढं विचारलं तर मी मनातल्या मनात त्याचं नाव रोटावर टाकून मोकळा होतो. ज्याच्याकडे काम नाही तो ‘ते सगळं तिकडे गेल्यावर कळेल, आधी टोकन भरून घ्या’ म्हणतो. तीनशे मैलांचं अंतर असलेल्या दोन शहरांची नावं एकाच वाक्यात घेणारा एजंट मी स्वतः स्पीकरवर ऐकलाय. त्याच्या दृष्टीने यूके म्हणजे एक तालुका.

पैशांचं बोलू. व्हिसाची फी, टीबीची तपासणी, इंग्रजीची परीक्षा, विमानाचं तिकीट हे खर्च उमेदवाराने करायचे असू शकतात. त्यात हेल्थ सरचार्ज, म्हणजे एनएचएस वापरायची फी, मोठा असतो, प्रौढ माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, तोही सगळ्या वर्षांचा आगाऊ. हेल्थ अँड केअर व्हिसावाल्यांना तो माफ आहे. लायसन्सचा खर्च, सर्टिफिकेटची फी आणि इमिग्रेशन स्किल्स चार्ज (परदेशी माणूस ठेवल्याबद्दल मालकाने सरकारला भरायची रक्कम) मात्र मालकाचा. स्किल्स चार्ज कामगाराकडून घेता येत नाही, आणि ३१ डिसेंबर २०२४ पासून लायसन्स आणि सर्टिफिकेटचा खर्चही कामगारावर टाकायला बंदी आहे. सर्टिफिकेटची सरकारी फी एप्रिल २०२५ पासून ५२५ पौंड. साधारण साठ हजार रुपयांची ही वस्तू गावाकडे पंधरा-वीस लाखांना विकली जात होती. शिवाय ब्रिटनमध्ये रिक्रूटमेंट एजन्सीने नोकरी शोधून दिल्याबद्दल उमेदवाराकडून पैसे घेणं, मॉडेल-कलाकारांसारखे अपवाद सोडले तर, बेकायदा आहे. त्यामुळे ‘लंडनच्या ऑफिसची फी’ हा प्रकार ऐकला की फोन ठेवायचा.

भारतातला कायदाही इतका लंगडा नाही. परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्याने उमेदवाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. नोंदलेल्या एजंटांची यादी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. बेकायदा एजंटांचीही आहे, तीही वाचा, आपल्याकडची ओळखीची गावं दिसतील. अडचण अशी की लाखो रुपये घेणारी बरीच मंडळी स्वतःला रिक्रूटिंग एजंट म्हणवतच नाहीत. बोर्डावर ‘ओव्हरसीज कन्सल्टन्सी’ असतं. मला एकाने त्याचा करार पाठवला, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरी केलेला, दोन साक्षीदारांसकट. पैसे ‘डॉक्युमेंटेशन, ट्रेनिंग व समुपदेशन’ यासाठी घेतल्याचं त्यात तीनदा लिहिलं होतं. नोकरी हा शब्द एकदाही नव्हता. उद्या कोर्टात गेलात तर तो म्हणणार, समुपदेशन केलं की!

मग खऱ्या स्पॉन्सर नोकऱ्या आहेत कुठे? आहेत, पण पोस्टरवर नाहीत. जुलै २०२५ पासून स्किल्ड वर्करसाठी काम पदवीच्या पातळीचं लागतं आणि सर्वसाधारण पगाराची किमान अट ४१,७०० पौंड झाली. काही मधल्या पातळीची कामं तात्पुरत्या यादीत ठेवली आहेत. शेफ त्यातून गेला. वेअरहाऊसमधलं पॅकिंग, सुपरमार्केटमधलं काम याला तर या व्हिसावर कधीच स्पॉन्सरशिप नव्हती. शेतातली फळं-भाजी तोडायचा सीझनल व्हिसा वेगळा. तो जास्तीत जास्त सहा महिन्यांचा आणि सरकारने नेमलेल्या मोजक्या संस्थांमार्फतच मिळतो.

नर्सिंगचा रस्ता मला घरातूनच माहीत आहे. नर्सला एनएचएसची ठरलेली पगारश्रेणी लागते, त्यामुळे ४१,७०० ची अट नाही. इंग्लंडमध्ये बँड फाइव्हची, म्हणजे नव्या नर्सच्या श्रेणीची, सुरुवात २०२५-२६ मध्ये ३१,०४९ पौंडांपासून होती. आधी आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा, मग सीबीटी ही कॉम्प्युटरवरची परीक्षा, जी भारतात देता येते. इथे आल्यावर ऑस्की, म्हणजे प्रत्यक्ष काम करून दाखवायची परीक्षा. बायकोने ऑस्कीसाठी आमच्या उशीला आणि मला किती वेळा तपासलं ते विचारू नका. जागा एनएचएस जॉब्जच्या साइटवर निघतात. भारतातून थेट भरती पूर्वीपेक्षा खूपच मंदावली आहे, हेही सांगतो, नाहीतर माझ्यात आणि त्या पोस्टरवाल्यात फरक काय? ऑफर आली तर करारातलं ‘लवकर सोडल्यास खर्च परत’ हे कलम नीट वाचा. किती रक्कम, कशाची, आणि दर महिन्याला ती कमी होत जाते का. आकडा मोघम असेल तर सहीआधी विचारा.

शिक्षकांची वाट आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊकच नाही. गणित, विज्ञान किंवा परदेशी भाषा ११ ते १६ वयाच्या मुलांना शिकवणाऱ्या भारतीय शिक्षकाला २०२३ पासून इंग्लंडच्या क्यूटीएस, म्हणजे पात्र शिक्षक या, मान्यतेसाठी अर्ज करता येतो. बीएड असलेल्या, इंग्रजी माध्यमात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाने हे जरूर बघावं. हिंजवडीतून येणारे आयटीवाले बहुतेक कंपनीच्या आतल्या बदलीवर येतात. त्याचा व्हिसा वेगळा, पगाराची अट ५२,५०० पौंड, आणि त्यावरून कायमचं राहायला मिळत नाही. हे इथे आल्यावर कळलेले दोघे-तिघे माझ्याच ओळखीत आहेत.

ज्यांचा स्पॉन्सर इथे आल्यावर गेला त्यांच्यासाठी. होम ऑफिसचं पत्र आलं की साधारण ६० दिवस मिळतात. तेवढ्यात नवा स्पॉन्सर, दुसरा व्हिसा किंवा परत. पत्र यायची वाट बघत घरात बसू नका, लायसन्स गेल्याचं कानावर आलं त्याच दिवसापासून अर्ज सुरू करा. सगळ्या स्लिपा, बँकेचे उतारे, मॅनेजरचे मेसेज जपून ठेवा. आमच्यासारखे लोक तेच बघतात. पगार थकला असेल तर एकॅस या नोकरीच्या वादांत सल्ला देणाऱ्या संस्थेची हेल्पलाइन आहे, ती फुकट सल्ला देते आणि तुमचा व्हिसा कोणता यावर अडत नाही. भारतात एजंटाविरुद्ध पोलिसांत आणि मुंबईच्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात तक्रार करता येते. त्या विदर्भातल्या मुलीला आम्ही घेतलं. ती आता नाइट करते आणि सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हिंग शिकते. चौदा लाखांतला एक रुपयाही अजून परत आलेला नाही.

मला मेसेज करणार असाल तर पोस्टर पाठवू नका, माझ्या फोनमध्ये जागा नाही. कंपनीचं पूर्ण नाव, कामाचा पत्ता, आठवड्याचे तास आणि आत्तापर्यंत किती पैसे दिलेत एवढं लिहा. शेवटचा आकडा घरच्यांना सांगितला नसलात तरी मला खरा सांगा.