आधी भिंत, मग ओटा

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या घरात सिमेंटचं अर्धं पोतं 14 महिने पॅसेजमध्ये पडून होतं. पावसाळ्यात त्याचा दगड झाला, तेव्हा सासूबाईंनी त्यावर तुळशीची कुंडी ठेवली. तुळशीला मंजिऱ्या आल्या, पण बाथरूमचं काम काही संपलं नव्हतं. ठेकेदार होळीला गावी गेला तो गेलाच. निम्मं काम झालेलं असताना 70 टक्के पैसे देऊन बसलो होतो, त्यामुळे बोलणार तरी कोणत्या तोंडाने?

मला खरं तर नवं किचन हवं होतं. मॉड्युलरवाला मुलगा मापं घ्यायला आला, ओट्यामागच्या भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "काकू, ही ओली आहे." भिंतीपलीकडे तेच अर्धवट बाथरूम. मुलगा प्रामाणिक, म्हणाला, हे सुकल्याशिवाय मी ऑर्डर घेत नाही.

रविवारी आम्ही दोघं वही घेऊन घरभर फिरलो. 31 कामं निघाली. त्यातली किचन अडवणारी तीनच: गळती, वायरिंग, गॅसची पाइप. बेडरूमच्या पीओपीसकट बाकी सगळ्यावर काट मारली. नवऱ्याला वाईट वाटलं, मला अजिबात नाही.

दुसऱ्याचं अर्धवट काम कुणी हातात घेत नाही. चार मिस्त्री बघून गेले, फोन उचलेनात. पाचवा तयार झाला, पण नवी फरशी फोडणार या अटीवर. टाइल्सचा पहिला तुकडा उडाला तेव्हा मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. खाली नहाणीच्या ट्रॅपचा, म्हणजे सांडपाणी जाण्याच्या जाळीखालच्या भांड्याचा, जोड नुसता टेकवलेला होता, सिमेंट थापून झाकलेला. पाणी तिथूनच किचनच्या भिंतीत उतरत होतं.

जोड बदलला, वॉटरप्रूफिंगचे हात मारले, कोरडे होऊ दिले आणि मग ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी भरलं. 48 तास ठेवायचं. पाण्याच्या रेषेवर मी पेन्सिलीने खूण केली. सकाळी पाणी खुणेच्या बोटभर खाली! पोटात गोळा आला. खालच्या वहिनींकडे धावत गेले, त्यांचं छत कोरडं ठाक. ट्रॅपमध्ये कोंबलेलं फडकंच सैल होतं. नीट बूच बसवून पुन्हा 48 तास. या वेळी रेषा हलली नाही.

मग किचनच्या बाजूचं ओलं प्लास्टर काढून भिंत तीन आठवडे उघडी ठेवली. मिस्त्रीने शिकवलेली युक्ती: प्लास्टिकचा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावायचा आणि दुसऱ्या दिवशी आतून दव धरलंय का बघायचं. धरत होतं. तिसऱ्या आठवड्यात थांबलं.

तोवर वायरिंग उरकली. ओव्हन आणि इंडक्शनला 4 स्क्वेअर एमएमच्या जाड वायरच्या वेगळ्या लाइन, प्रत्येकीला आपापला एमसीबी, म्हणजे जास्त भार आला की आपोआप पडणारा स्विच. खाचा बुजवण्याआधी भिंतीला मेजरिंग टेप लावून फोटो काढले. कॅबिनेट ठोकताना ड्रिल वायरीत जाऊ नये म्हणून. गॅसच्या पाइपला मात्र मिस्त्रीला हात लावू दिला नाही. महानगर गॅसकडे अर्ज टाकला.

पैसे या वेळी टप्प्याटप्प्याने दिले, दहा टक्के अजून माझ्याकडे आहेत. प्लाय आला तेव्हा 'आयएस 710'चा, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचा, शिक्का मी प्रत्येक शीटवर स्वतः वाचला. मिस्त्री हसला. हसू दे.

सोमवारी जुना कडाप्प्याचा ओटा फुटला. दुपारी दोन ते चार ठोकठोक बंद, सोसायटीचा नियम. डेब्रिजच्या गोण्या खाली नेणाऱ्या पोरांनी पॅसेजमधलं पोतंही उचलायला घेतलं. सासूबाई जागेवरून उठल्या.

"ते राहू द्या रे," म्हणाल्या, "तुळस कुठे ठेवू?"