परत आलेल्या पुस्तकांची ट्रॉली

स्टोअर्स इन्चार्जच्या एका जागेसाठी आमच्याकडे एकशे साठच्या वर अर्ज आले होते. चार वाजता विभागप्रमुखांच्या हातात आठ नावं द्यायची होती. सकाळपासून मी रेझ्युमे उघडत होते, अनुभव बघत होते आणि 'हो', 'नाही', 'बघू' अशा तीन फोल्डरांत टाकत होते. मनुष्यबळ विभागात अकरा वर्षं काढल्यावर हात आपोआप चालतो. एका रेझ्युमेला अर्धं मिनिट, फार तर एक.

सोबतची पत्रं मी शेवटी वाचायचे, तीही सगळी नाही. त्या दिवशी वाचलेल्या पहिल्या वीसेक पत्रांपैकी बहुतेकांत 'आपल्या नामांकित संस्थेत' हे शब्द होते. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, एक संधी द्यावी ही नम्र विनंती. पत्रावरचं नाव झाकलं तर कुणाचं कुठलं ते ओळखता येऊ नये. एकात तर दुसऱ्याच कंपनीचं नाव राहून गेलं होतं. त्या मुलाचा अनुभव चांगला होता, म्हणून मी त्याला 'बघू'मध्ये ठेवलं, पण तो मनातून थोडा उतरलाच.

तीन वाजले तरी आठवं नाव सापडत नव्हतं. म्हणून 'नाही'चा फोल्डर पुन्हा उघडला. त्यात ग्रंथालयात सहायक म्हणून काम केलेल्या एका बाईंचा अर्ज होता. सकाळी मी तो दहा सेकंदांत बाजूला सारला होता. गोदामाचा अनुभव नाही, शिवाय मध्ये तीन वर्षांचा खंड. सोबतची दुसरी फाईल मी उघडलीच नव्हती.

पत्र एका पानाच्या आत होतं. वर पदाचं नाव आणि जाहिरातीची तारीख. पहिलंच वाक्य असं: 'सिस्टीममधला साठा आणि रॅकवरचा साठा यांत येणारा फरक शोधणारी व्यक्ती हवी, असं तुम्ही जाहिरातीत म्हटलं आहे. हे काम मी पुस्तकांच्या बाबतीत केलं आहे.'

मी थबकले. जाहिरातीत ते वाक्य मीच विभागप्रमुखांच्या मागे लागून घातलं होतं, कारण आमचं खरं दुखणं तेच होतं. तोवर वाचलेल्या एकाही पत्रात त्याचा उल्लेख नव्हता.

पुढे बाईंनी एकच प्रसंग सांगितला होता. वार्षिक पडताळणीत २१२ पुस्तकं सापडत नव्हती. चोरीला गेली, असं सगळे धरून चालले होते. बाईंनी ती यादी शेवटच्या परतीच्या तारखेनुसार लावली. बहुतेक पुस्तकं ठरावीक आठवड्यांतली निघाली, आणि त्याच आठवड्यांत बांधणीसाठी गठ्ठे बाहेर गेले होते. परत आलेली फाटकी पुस्तकं ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात पडायची, तिथून परस्पर बांधणीला जायची, आणि सिस्टीममध्ये मात्र कपाटातच दिसायची. २१२पैकी १८७ पुस्तकं मिळाली. त्या दिवसापासून ट्रॉलीच्या दांड्याला दोरीनं एक वही बांधली गेली.

खंडाबद्दल एकच ओळ होती: आईच्या आजारपणात घरी होते, आता पूर्णवेळ कामाला मोकळी आहे. आणि शेवटी, 'तुमच्या सुट्या भागांची कोडपद्धत मला शिकावी लागेल.' कुठेही अजीजी नाही. रेझ्युमेतली एकही ओळ पुन्हा लिहिलेली नाही. रेझ्युमेत 'वार्षिक पडताळणी' एवढे दोनच शब्द होते. त्यांचा आमच्याशी काय संबंध, ते पत्रानं सांगितलं. पत्राचं कामच ते.

आमच्याकडे नव्यानं येणाऱ्या मुलांना मी लिओनार्दो दा विंचीच्या अर्जाची गोष्ट सांगते. साधारण १४८२च्या सुमाराला त्यानं मिलानचा कारभार पाहणाऱ्या लुडोविको स्फोर्झाला पत्र लिहिलं. त्यात आधी हलके पूल, तोफा, वेढ्याची यंत्रं. चित्रकला अगदी शेवटी. समोरच्याला लढायांची काळजी आहे, हे त्यानं ओळखलं होतं. वर्षानुवर्षं हे दुसऱ्यांना शिकवणारी मी, आणि तसंच पत्र सकाळी न उघडता बाजूला सारलं होतं. याचं मला खरंच वाईट वाटलं. आता मी नकार देण्याआधी पत्र उघडते, कितीही घाई असली तरी.

चार वाजता विभागप्रमुखांनी यादी पाहिली आणि आठव्या नावावर बोट ठेवलं. "ग्रंथालयातल्या बाई? मॅडम, इथे पंप आणि मोटारी आहेत."

मी वाद घातला नाही. तो ट्रॉलीचा परिच्छेद मोठ्यानं वाचून दाखवला. ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागद द्या इकडे." स्वतः पुन्हा वाचला. "आपला दुरुस्तीला जाणारा माल कुठे नोंदवतात हो?" मला माहीत नव्हतं. ते उठून खाली गेले.

वीस-पंचवीस मिनिटांनी परत आले तेव्हा त्यांच्या हातात तेलकट डागांच्या तीन चिठ्ठ्या होत्या. तीन मोटारी, तिन्ही दुरुस्तीला गेलेल्या, आणि सिस्टीममध्ये तिन्ही रॅकवर. चिठ्ठ्या माझ्या टेबलावर ठेवत ते म्हणाले, "बाईंना सकाळची पहिली वेळ द्या."