खेड्यातल्या पोरांना व्यायाम कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सुट्टीला गावी आलेले पाहुणे विचारतात, शाळा बघायला येणारे विचारतात. “बाई, खेड्यातल्या पोरांना वेगळा व्यायाम कशाला? ती दिवसभर हुंदडतात, घरचं ताजं खातात.” आणि आमचा साताऱ्यातला माण तालुका म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: “ती ललिता बाबर तुमच्याकडचीच ना?”

हो, मोहीची. २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये ती ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत धावायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावली, याचा आम्हाला फार अभिमान आहे. पण माळावर वाढलं की पोर आपोआप काटक होतं, हे काही खरं नाही. जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळेत १७ वर्षं शिकवतेय. शाळेच्या भोवतीच्या दोनशे पावलांत काय आहे आणि काय नाही, यावर पोर किती पळतं आणि काय खातं ते ठरतं, असं माझं ठाम मत झालंय.

रस्त्याचंच बघा. पूर्वी वस्तीवरची पोरं पाणंदीनं दोन-दोन किलोमीटर चालत यायची. आता डांबरी रस्ता झाला, त्यावरून डंपर आणि उसाच्या जोडट्रॉल्या धावतात. आईबाप मोटरसायकलवर तिघांना बसवून आणून सोडतात. त्यांना नावं कशी ठेवू? मी माझ्या लेकीला तशीच सोडायचे. जागतिक आरोग्य संघटना मुलांनी रोज ६० मिनिटं अंगमेहनतीचं खेळावं म्हणते. आमच्या पोरांची निम्मी मिनिटं त्या पाणंदीतच राहिली.

मैदान म्हणाल तर एका कोपऱ्यात नवी खोली झाली, दुसऱ्या कोपऱ्यात टाकी. कामावरची उरलेली खडी वर्षभर तशीच पडून होती. राहिलेल्या जागेत मुलांचं क्रिकेट.

आणि मुली? सहावी-सातवीच्या मुली मधल्या सुट्टीत भिंतीला टेकून बसायच्या. मोठ्या झाल्या, लाजत असतील, अशी मी माझीच समजूत घातली होती. मार्चमधल्या एका दुपारी एकीची पाण्याची बाटली उचलली, तर तीन वाजता ती सकाळी भरली होती तशीच गच्च. “तहान लागत नाही का गं?” तर खाली बघत म्हणाली, “बाई, पाणी प्यालं की जावं लागतं.” स्वच्छतागृह होतं, पण आत नळाला पाणी नव्हतं आणि दाराची कडी तुटलेली. पळालं की तहान लागणार, पाणी प्यालं की जावं लागणार, म्हणून पळायचंच नाही. एवढा हिशेब त्या पोरींनी गुपचूप मांडला होता, आणि मी त्यांना रोज “खेळा गं” म्हणत होते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

कडी दुसऱ्याच दिवशी बसवली. नळासाठी चार महिने खेटे घातले. पाणी आलं म्हणून सगळ्या लगेच मैदानात धावल्या, असं झालं नाही. पंधरा दिवसांनी दोघी लंगडीला उतरल्या, मग सात-आठ. आता सोमवार, बुधवार, शुक्रवार अर्धं मैदान मुलींचं. त्यावरून मुलं अजून कुरकुरतात, पण मी ऐकत नाही.

आता खाण्याचं. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. माप चांगलं आहे, आमच्या मावशींच्या हातची मटकीची खिचडीही चांगली असते. पण आईबाप तांबडं फुटायला रानात जातात, डबा करायला वेळ नसतो, मग पोराच्या हातावर पाच-दहा रुपये. दहा वाजता शाळेसमोरच्या दुकानातून चटकदार पाकीट पोटात गेलं की दुपारी ते पोर खिचडीत नुसती बोटं फिरवतं. मावशी म्हणतात, “कुत्र्याचं पोट भरतंय बघा बाई.”

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त तेल, मीठ, साखरेचे पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० सालचा नियम आहे. पाचवीला लांबी मोजायला शिकवताना मी मुद्दाम खेळाची टेप बाहेर काढली. फाटक ते दुकान भरलं २२ मीटर. पोरांनी वहीत लिहिलं आणि माझ्याकडे बघत राहिली.

तक्रार मात्र मी केली नाही. दुकान एका आजीचं आहे, नातू आमच्याच तिसरीत. तिची चूल त्यावर चालते. मी ओट्यावर जाऊन बसले, नियम सांगितला, नातवाच्या ताटात रोज उरणाऱ्या खिचडीचं सांगितलं. आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “मग विकू काय, तेवढं सांगा.”

फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, हंगामात बोरं आणि उकडलेल्या शेंगा, असं दोघींनी मिळून ठरवलं. पाकिटं बंद झालेली नाहीत. पण दारावर लोंबणारी त्यांची माळ आजीनं आत, डब्यांच्या मागं नेऊन टांगली. आता पाकीट हवं तर मागावं लागतं, आणि मागितलं की आजी आधी विचारते, “खिचडी खाल्लीस का रं?”