गोंधळाची वही

वर्गात मॉनिटर उभा करायचा आणि त्यानं बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, ही पद्धत कुणी सुरू केली कोण जाणे, पण अजून ती काही मरत नाही. आमच्याकडेही होती. जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी एकाच खोलीत माझ्याकडे. केंद्रप्रमुख आले किंवा ऑनलाइन माहिती भरायची निघाली, की वर्ग मॉनिटरच्या ताब्यात. परत बोललं की नावापुढं फुली. बोरांच्या दिवसांत मूठभर बोरं दिली की नाव पुसलं जायचं, असा दरही ठरला होता.

ती यादी मी बंद केली आणि स्वतःच एक वही घातली. तिच्यात नाव लिहीत नाही. वाजले किती, विषय कुठला, त्या वेळी फळ्यावर काय होतं, एवढंच. बघता बघता लक्षात आलं, की गोंधळ दिवसभर सारखा नसतो, त्याच्या जागा ठरलेल्या असतात. खिचडीनंतरचा पहिला तास. मी चौथीला शिकवत असताना तिसरीचं काम संपतं ती वेळ. आणि उसन्याची वजाबाकी.

ही तिसरी जागा मला अपेक्षितच नव्हती. तिसरीतला एक मुलगा, आईबाप ऊसतोडीला गेलेले, हा आजीजवळ. एरवी बरा बसायचा. पण वजाबाकी निघाली की याची पेन्सिल बाकाखाली, शेजारच्याची पट्टी गायब, नाहीतर ‘मॅडम, पानी पिऊन येऊ?’ एकदा चौथीला लिहायला देऊन मी त्याच्याजवळ खाली बसले. ५२ वजा २७. उत्तर ३५. दुसरं उदाहरण, तिसरं, सगळीकडे तीच तऱ्हा: सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. लहान अंक मोठ्यातून वजा करायचा, हे त्यानं आधी कधीतरी पक्कं केलं होतं आणि ते तो इमानदारीनं पाळत होता. उत्तर चुकतंय हे कळत होतं, का चुकतंय हे कळत नव्हतं.

काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काढल्या. म्हटलं, ‘मला सात सुट्या दे.’ त्यानं दोन काड्यांकडं बघितलं. ‘न्हाईत ना मॅडम.’ मी गप्प. मग एका गठ्ठ्याच्या रबराला हात लावून त्यानं विचारलं, ‘सोडू का?’ सुट्या बारा झाल्या, सात मला दिल्या, पाच उरल्या. राहिलेल्या चार गठ्ठ्यांतले दोन दिले. पंचवीस. पुढचे काही दिवस तो काड्या घेऊनच वजाबाकी करत होता, मग वहीत जमायला लागली. पाणी प्यायला जाणं कमी झालं. बंद नाही झालं, बरं का.

त्याची आजी मला अधूनमधून गाठायची, ‘चार ठिवून द्या की मॅडम, आम्ही काय म्हननार न्हाई.’ मारणं आणि मानसिक त्रास देणं या दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं बंदी आहे, १ एप्रिल २०१० पासून कायदा लागू आहे, हे आजीला सांगून काय उपयोग? मी म्हटलं, ‘आजी, त्याला वजाबाकी येत नव्हती, म्हणून करत होता.’ आजी म्हणाली, ‘मग ती शिकवा की!’

खिचडीनंतरचं दुखणं वेगळं. टाकीवर हात धुऊन पोरं एकेक-दोन-दोन अशी आत येतात. सगळी येईपर्यंत आधी आलेल्यांनी करायचं काय? म्हणून आता फळ्यावर काम आधीच लिहिलेलं असतं, आणि तेही असं की केव्हाही सुरू करता यावं आणि संपूच नये. एक संख्या, समजा ३६. हे उत्तर येईल अशी जमतील तेवढी उदाहरणं लिहा. तिसरीची पोरं ३० अधिक ६ नं सुरुवात करतात, चौथीची ९ गुणिले ४, ७२ भागिले २ अशी जातात. एका मुलीला ३७ वजा १, ३८ वजा २, ३९ वजा ३ अशी वाट सापडली आणि तिनं पान भरून टाकलं. तिसरीचं काम लवकर संपलं तरी हेच पुढं चालू. टाळ्यांचे प्रकार, ‘एक दोन तीन, तोंडावर बोट’ वगैरे मी फारसं करत नाही. दोन मिनिटांत परत जैसे थे.

प्रश्न विचारला की हात वर करणारे चार-पाच ठरलेलेच, बाकीच्यांना सुट्टी. त्यासाठी आइस्क्रीमच्या काड्यांवर सगळ्यांची नावं लिहून डब्यात ठेवली आहेत. प्रश्न आधी, काडी नंतर. काढलेली काडी परत डब्यात टाकायची, नाहीतर ज्याचं झालं तो मोकळा. आणि मग थांबायचं. हेच अवघड. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या सुमारास वर्गांतलं बोलणं टेप करून तपासलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम सेकंदभर थांबतात असं दिसलं. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पोरगं खाली मान घालून उभं असताना थांबून बघा.

प्रशिक्षणात हमखास सांगतात, दंगा करणाऱ्यालाच मॉनिटर करा. मला पटत नाही. त्याचा हवालदार होतो, नि वाचता येत नसलं तर ते तसंच राहतं.

होळीच्या पुढंमागं साखर कारखाने बंद व्हायला लागले, की आईबापांबरोबर गेलेली मुलं परततात आणि वही पुन्हा भरायला लागते. तोवर पुस्तक पुढं गेलेलं असतं. त्यांना ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ या पाहणीत, मुलांना वाचता किती येतं हे बघताना असतं तसं, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या क्रमानं वाचायला देऊन बघते आणि येतं तिथून गट करते, मग इयत्ता कुठलीही असो. चौथीतला मुलगा शब्दांच्या गटात तिसरीच्या पोरांबरोबर बसायला लाजतो, त्याला बाराखडीचा तक्ता हातात देऊन चालत नाही. मी त्याला त्याच्याच फडावरचे शब्द लिहून देते: कोयता, मोळी, गाडी, मुकादम. सर म्हणतात, परीक्षेला दिवस किती राहिलेत, मॅडम? फार नाहीत, हे मलाही दिसतं. पण चौथीचा धडा त्याच्यापुढं उघडून ठेवला, तर शेजारच्याची पट्टी परत गायब होणार.